डॉक्टरांचा रतीब

आमच्या घरी पूर्वापार तीन रतीब: दूध, पेपर आणि फुलपुडी. गेल्या वर्षी मुलीने चौथा लावला. डॉक्टरांचा.

झालं असं, की बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीचं बिऱ्हाड बेंगळुरूला जे. पी. नगरात हलवलं, ते मुलगी जवळ असावी म्हणून. मुलगी राहते व्हाइटफील्डला. नकाशावर हे अंतर अगदी बेताचं दिसतं; पण नकाशा काढणारा माणूस संध्याकाळी सहाला सिल्क बोर्डाच्या चौकात कधी उभा राहिलेला नसतो. ती निघाल्याचा फोन येतो आणि ती पोचते, या दोन घटनांच्या दरम्यान माणूस सांगलीहून कोल्हापूरला जाऊन, महालक्ष्मीचं दर्शन घेऊन परत येईल. तेव्हा आई-बाबांना रात्रीबेरात्री काही झालं तर मी पोचणार कशी, ही तिची रास्त काळजी. त्यावर तिने तिच्या पिढीचा उपाय काढला. माझ्या एकसष्टीला शाल-श्रीफळाच्या जागी माझ्या मोबाइलवर एक ॲप आलं.

"बाबा, वर्षाचे पैसे भरलेत. आता तुम्ही आणि आई कधीही, कितीही वेळा डॉक्टरांना दाखवा. वेगळी फी नाही. मेसेज करा, व्हिडिओवर बोला, नाहीतर सरळ क्लिनिकमध्ये जा. नेहमीच्या रक्ताच्या तपासण्याही त्यातच."

"कितीही वेळा?"

"कितीही."

'कितीही' हा शब्द मराठी माणसासमोर जरा जपून वापरावा. कॉलेजात असताना 'भात कितीही' अशी पाटी लावणाऱ्या खानावळवाल्याला आम्ही चौघांनी मिळून दोन महिन्यांत ती पाटी उतरवायला लावली होती. आता प्रकृतीची खानावळ उघडली होती.

भेट मिळालेल्या वस्तूची किंमत विचारू नये म्हणतात. मी विचारली. दोघांचे मिळून नऊ हजार. लगेच मनातल्या मनात खातेवही उघडली. कोपऱ्यावरचे डॉक्टर एका खेपेचे पाचशे घेतात. म्हणजे वर्षात अठरा वेळा आजारी पडलो तर फिटंफाट, एकोणिसाव्या आजारापासून निव्वळ नफा.

"नऊ वेळा तू पड, नऊ वेळा मी पडतो," मी हिला म्हणालो.

"मला वेळ नाही. अठराच्या अठरा तुम्हीच पडा," ही म्हणाली आणि कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडायला गेली.

त्या खाड्यावरूनच माझ्या डोक्यात पहिला किडा वळवळला. दुधाचा रतीब असला तर आपण गावाला गेलेले दिवस खाडा धरून वजा होतात. पेपराचंही तेच. मी ॲपवर विचारलं, आम्ही मे महिन्यात तीन आठवडे सांगलीला असू, तेवढे पैसे वळते होतील का? दोन मिनिटांत उत्तर आलं: सर, सांगलीतूनही आपण डॉक्टरांशी बोलू शकता. थोडक्यात, डॉक्टरांच्या रतिबात खाडा धरत नाहीत. गवळी सांगलीपर्यंत मागे येतो.

---

पहिल्या भेटीला आम्ही दोघं जोडीने गेलो. जागा पाहूनच माझा विश्वास निम्मा उडाला. स्पिरिटचा वास नाही, बाकं नाहीत, भिंतीवर आतड्यांचं चित्र नाही, आणि मुख्य म्हणजे गर्दी नाही. ज्या डॉक्टरांकडे चपला बाहेर रस्त्यापर्यंत आलेल्या नाहीत, त्यांच्या हाताला गुण असणार तरी कसा? कुंड्या होत्या, मंद दिवे होते, आणि एक मुलगा "सर, कॉफी?" असं विचारत होता. दवाखान्यात कॉफी विचारली की मला बिलाची भीती वाटते.

डॉक्टरबाई आमच्या मुलीहून दोन-तीन वर्षांनी लहानच असतील. समोर बसवलं आणि म्हणाल्या, आपल्याकडे चाळीस मिनिटं आहेत.

चाळीस! मी तीन मिनिटांचा आजार घेऊन आलो होतो. यात माझी चूक नाही, आपल्या देशाची सवयच तेवढी आहे. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकाने ६७ देशांतला हिशोब छापला होता, की साधा डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास. त्या दोन मिनिटांत आपण जीभ दाखवतो, श्वास आत-बाहेर करतो, "पथ्य काय?" विचारतो आणि उठता उठता दाराशी थांबून खरा आजार सांगतो. इतकी बांधीव कला आहे ती. तिला चाळीस मिनिटांचं मैदान दिलं तर काय होणार?

सातव्या मिनिटाला माझ्याकडचा माल संपला. बाईंचा संपेना. वडील कशाने गेले, कितव्या वर्षी? झोप किती, मध्ये किती वेळा उठता? चहा किती कप, साखर किती चमचे? मी "दोन" म्हणालो, हिने टेबलाखालून चार बोटं दाखवली, आणि बाईंनी ती बरोबर टिपली. मग विचारलं, "दिवसभरात तुम्ही बोलता कुणाशी?" मी हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे पाहत होती.

"बरं, आता सध्या नेमका त्रास काय होतो?"

इथे माझी खरी पंचाईत झाली. आयुष्यभर मी जे सांगत आलो ते एका शब्दाचं आहे. मी म्हणालो, "आय फील... कसंतरी."

"कसंतरी?"

"येस. कसंतरी होतं."

बाईंनी शांतपणे पर्याय द्यायला सुरुवात केली. दुखतं? नाही. चक्कर? नाही. मळमळ? तशी नाही, पण असती तर बरं, असं वाटतं. मी समजावत गेलो, की यातलं काहीच झालेलं नसतं, पण सगळंच रांगेत उभं असतं. ही मदतीला धावली. "अंग मोडून येतं, तोंडाला चव नसते, आणि बारीक कणकण." आता कणकण इंग्रजीत कशी सांगायची? कणकण म्हणजे थर्मामीटरला न दिसणारा आणि बायकोला दिसणारा ताप. हिंदीत सांगून पाहिलं. हिंदीत ते फारच किरकोळ वाटलं. शेवटी ही वैतागून म्हणाली, "पित्त हो, पित्त!"

"ओ, पित्ता!" बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या दावणगेरेच्या आजीचंही सगळं पित्तावरच चालायचं. सांगली ते दावणगेरे हा पूल पित्ताने बांधला गेला. पुढची दहा मिनिटं ही आणि डॉक्टरबाई आवळा, कोकम आणि आजी या विषयांवर बोलल्या. माझा नंबर संपल्यात जमा होता.

निघताना बाईंनी विचारलं, "त्या शब्दाचं स्पेलिंग काय?" मी 'कसंतरी'चं स्पेलिंग सांगितलं, त्यांनी ते माझ्या नोंदीत टाइप केलं. मला वाटलं, पोरगी आपली थट्टा करतेय.

आणि औषध? काही नाही. रोज चाळीस मिनिटं चालायचं, साखर निम्मी, जेवण आठच्या आत, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. प्रिस्क्रिप्शनवर एकही गोळी नाही. नऊ हजार भरून मी हातात 'चाला' हे क्रियापद घेऊन बाहेर पडलो.

गेटवर आमचा वॉचमन भेटला. त्याच आठवड्यात त्याला खोकला झाला होता आणि तो वॉर्डातल्या नम्म क्लिनिकला जाऊन आला होता. कर्नाटक सरकारने २०२३ च्या सुरुवातीपासून बेंगळुरूच्या वॉर्डावॉर्डांत ही छोटी क्लिनिकं उघडली आहेत; तपासणी फुकट, औषध फुकट. त्याने खिशातून तीन पुड्या काढून दाखवल्या. "सरना काय दिलं?" मी म्हणालो, "चालायला सांगितलंय." तो इतक्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहत होता, की मला वाटलं आता एक पुडी देतो की काय.

---

खरं सांगायचं तर मी डॉक्टरांच्या गोळ्या खात मोठा झालोय. सांगलीच्या गावभागात आमचे डॉक्टर होते. दवाखान्यात जाळीच्या खिडकीमागे कंपाउंडर, त्याच्यामागे मोठ्या बरण्या, आणि हातात घरून आणलेली बाटली. त्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. औषध लाल असलं तर खोकला, पांढरं असलं तर पोट. फी दरवेळी द्यायचीच असं नव्हतं. वहीत मांडलं जायचं आणि दिवाळीत चुकतं व्हायचं. वडील गल्लीतून खोकत गेले की डॉक्टर आतूनच ओरडायचे, "मास्तर, धूर कमी करा!" आजच्या भाषेत याला रिमोट मॉनिटरिंग म्हणतात.

पण एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती ती आता कळते. डॉक्टर प्रत्येकाला सुई द्यायचे. म्हातारबा शेतातून चालत आला, खाटेवर आडवा झाला, आणि सुई न घेता परत गेला तर तो पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जायचा आणि गावभर सांगायचा, की याला काही येत नाही. खेपेला पैसे, तर प्रत्येक खेपेला काहीतरी टोचलं पाहिजे, हातात काहीतरी पडलं पाहिजे. वडापाववाल्याने वडा न देता "आज भूक नाही तुम्हाला" असं सांगितलं तर आपण पैसे देऊ का?

रतिबाच्या डॉक्टरांचं गणित बरोबर उलटं. पैसे आधीच आले आहेत. आता मी जितका कमी आजारी पडेन तितका त्यांचा फायदा. मी चाललो, साखर सोडली आणि वर्षभर तोंड दाखवलं नाही, तर त्यांचं भलं आणि माझंही. भारतीय इतिहासात प्रथमच माझा आणि डॉक्टरांचा आर्थिक हेतू एक झाला होता, आणि मला नेमकं त्याचंच वाईट वाटत होतं.

प्रथमच म्हटलं खरं, पण ते तितकंसं खरं नाही. आपल्याकडे वर्षाच्या मोबदल्याची सेवा म्हणजे बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गांव-गाडा'त हा सगळा हिशोब मांडला आहे. गावचा न्हावी वर्षभर हजामती करायचा, गळवं फोडायचा, त्याची बायको बाळंतपणं करायची, आणि मोबदला सुगीला धान्यात. दर खेपेला फी नाही, आलात न आलात बलुतं ठरलेलं. आमच्या ॲपवाल्यांना हे सांगितलं तर ते त्याला 'लेगसी मॉडेल' म्हणतील. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की बलुतेदाराला जातीने जखडलेलं असायचं, त्याला काम सोडता यायचं नाही. ॲपवाल्या डॉक्टरांना सोडता येतं. हे मला पुढे चांगलंच कळणार होतं.

माझा भाचा सिॲटलला असतो. त्याला व्हिडिओवर ॲपची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे याला डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात." तिकडे याची सुरुवात त्याच्याच गावात झाली. १९९६ मध्ये बास्केटबॉल संघाच्या एका माजी डॉक्टरने अगदी मोजक्या श्रीमंत कुटुंबांसाठी वार्षिक वर्गणीचा दवाखाना काढला, आणि २००७ मध्ये डॉ. गॅरिसन ब्लिस यांच्या 'क्लायन्स'ने तीच कल्पना साध्या माणसाच्या खिशापर्यंत आणली. महिन्याची वर्गणी, विमा कंपनी मध्ये नाही, एका डॉक्टरकडे दोन-अडीच हजारांऐवजी सहाशे-आठशे पेशंट. 'क्लायन्स' २०१७ मध्ये बंद पडली, कल्पना मात्र पसरली. १ जानेवारी २०२६ पासून तर तिकडे करमुक्त आरोग्यखात्यातून महिना दीडशे डॉलरपर्यंतची ही वर्गणी भरता येते.

"पण डायरेक्ट का म्हणतात?" मी विचारलं.

"कारण पेशंट डॉक्टरला थेट पैसे देतो."

मला खो खो हसू आलं. अरे, आमच्या गावभागात डॉक्टर कायमच डायरेक्ट होता. मी नोट द्यायचो, तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा, याहून डायरेक्ट काय असतं? अमेरिकेतला डॉक्टर विमा कंपनीच्या कागदांना कंटाळून पळाला. आपल्याकडच्या विमा कंपनीने साध्या दवाखान्याचा उंबरा सहसा ओलांडलाच नाही, तर पळायचं कुणापासून? माझी विम्याची पॉलिसी बावीस वर्षं जुनी आहे. मोतीबिंदूसारखे काही डे-केअरचे अपवाद सोडले तर तिला मी चोवीस तास इस्पितळात लागतो. विमा कंपनीला माणूस आडवा लागतो आणि या रतीबवाल्यांना उभा. दोघांच्या मध्ये, म्हणजे कॉटच्या कडेवर बसलेल्या अवस्थेत, जे काही होतं त्याचे पैसे आपले आपण भरायचे. मुलीने म्हणूनच बजावलं होतं, "बाबा, हे आलं म्हणून पॉलिसी बंद करू नका. ॲप्रेशन निघालं तर हे लोक सोबत येतील, बिल भरणार नाहीत." ती लहानपणापासून ऑपरेशनला 'ॲप्रेशन' म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

बेंगळुरूला ही कल्पना रुजली याचं मला नवल वाटत नाही. या गावात माणसं सिनेमा, भाजी, मोलकरीण आणि ध्यानधारणा सगळं मोबाइलवर लावतात. त्यात डॉक्टर शोधण्याचं 'प्रॅक्टो' इथलंच, तापाला सगळा देश जी घेतो ती डोलोही इथल्याच कंपनीची. सदस्यत्वावर डॉक्टर देणारी 'ईव्हन' २०२० मध्ये इथेच सुरू झाली, आणि त्याआधी दहा वर्षं 'नेशनवाइड'ने फॅमिली डॉक्टर परत आणायचा घाट इथेच घातला होता. शेतकऱ्यांची यशस्विनी योजनाही याच राज्यातली. २००३ मध्ये ती निघाली तेव्हा सहकारी संस्थांच्या सभासदाने महिना पाच रुपये भरायचे, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर योजना पाहून घेणार. पाच रुपयांत तेव्हा सांगलीत एक भडंगाची पुडी यायची.

आमच्या वरच्या मजल्यावरचे राव केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. माझं ॲप बघून ते नुसते हसले. त्यांच्याकडे केंद्राच्या आरोग्ययोजनेचं, म्हणजे सीजीएचएसचं कार्ड. १९५४ ची योजना. पगारातून दरमहा वर्गणी कापली जायची, आणि निवृत्तीच्या वेळी दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून त्यांनी कार्ड आजन्म करून घेतलंय. "तुमचं रिन्युअल कधी?" असं ते मला लिफ्टमध्ये हमखास विचारतात.

वर्गणीच्या डॉक्टरांची दुसरी बाजू मला माझ्या काकांकडून माहीत होती. काका मुंबईत, लालबागच्या गिरणीत. तिथे १९५४ पासून राज्य विम्याची ईएसआय योजना. पगारातून कापायचे आणि वस्तीतला पॅनेलचा डॉक्टर नेमून द्यायचे. त्या डॉक्टरला खेपेचे पैसे नाहीत, नावावर जितकी कार्डं तितके वर्षाचे ठरलेले. काका सांगायचे, आमच्या डॉक्टरकडे रोखवाल्याला खुर्ची आणि कार्डवाल्याला बाक. रोखवाल्याला "काय झालं?" आणि कार्डवाल्याला "पुन्हा आलास?" पैसे आधी मिळाले की 'कमी या' याचा अर्थ 'बरे राहा' असाही होतो आणि 'कटकट नको' असाही. सुईवाल्या डॉक्टरचा लोभ निदान दिसतो तरी, या आळसाला पकडायचं कसं? काकांना डॉक्टर बदलायचा तर अर्ज, शिक्के आणि गिरणीची एक पाळी बुडवणं. मला नुसतं पुढच्या वर्षीचं बटण दाबायचं नाही. ॲपवाले मला दर सोमवारी फोन करून "सर, हाऊ आर यू फीलिंग टुडे?" विचारतात, ते या न दाबलेल्या बटणाला भिऊनच. हे कळूनही मी सोमवारी फोनची वाट बघतो. फोन करणारा मुलगा हासनचा आहे. हिचा गुडघा डावा की उजवा हे त्याला पाठ आहे, मला अजून हिच्याकडे बघून सांगावं लागतं.

---

जूनपर्यंत मी सात खेपा घातल्या. पायाची भोवरी, कानातला मळ, डाव्या डोळ्याचं लवणं (शुभ असतं की अशुभ, हे बाईंना माहीत नव्हतं), आणि एकदा तर काहीच नाही. त्या काहीच-नाहीच्या दिवशी बाईंनी रक्तदाब घेतला आणि तो वाढलेला निघाला. माझा चेहरा पडला, पण आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. चला, एक खेप तरी खरी लागू पडली. आठवडाभर घरी मोजून आकडे पाठवा म्हणाल्या. पाठवले. मग कुठे अर्धी गोळी सुरू झाली. मी "पूर्ण द्या की" म्हणालो होतो.

मधल्या काळात दोन-तीनदा हात दाखवून अवलक्षणही झालं. झोप येत नाही म्हणून मी एकदा रात्री मेसेजवरच झोपेची गोळी मागितली. डॉक्टरबाईंनी सकाळी फोन करून सांगितलं, असं देता येत नाही. मार्च २०२० मध्ये, लॉकडाउन लागला त्याच सुमारास, सरकारने फोनवरच्या डॉक्टरकीचे नियम घालून दिले, त्यात गुंगीची औषधं लांबून द्यायला साफ मनाई आहे. आमच्या सांगलीच्या मेडिकलवाल्याला हा नियम कुणीतरी कळवायला हवा.

पण रतीब वसूल झाला तो जानेवारीत. नॅशनल कॉलेजच्या मैदानावर अवरेबेळेचा मेळा भरतो. अवरे म्हणजे आपल्या पावट्याचा थोरला, जास्त सुगंधी भाऊ. बेंगळुरूचा माणूस थंडीत या दाण्यासाठी वेडा होतो. राव मला घेऊन गेले. घरी आलो, साडेदहाला आडवा झालो, आणि अकरा चाळीसला पोटात कुणीतरी सतरंज्या झटकायला लागलं. पूर्वी असतं तर हिने रिक्षा बोलावली असती, मोठ्या इस्पितळाच्या दारात व्हीलचेअर आली असती, आणि सकाळपर्यंत माझ्या एकूण एक अवयवाचा फोटो निघाला असता. ही म्हणाली, "त्यांना लिहा की, नऊ हजार भरलेत."

मी लिहिलं: पोट. फार. त्याखाली नाइलाजाने: कसंतरी.

मिनिटभरात बाई व्हिडिओवर आल्या. केस विस्कटलेले, मागे हॉस्टेलसारखी कॉट, उशीशेजारी जाडजूड पुस्तक. आम्ही एव्हाना मोडक्या कन्नडवर आलो होतो. त्यांनी एकच विचारलं:

"रात्रि एनु तिंद्रि?" म्हणजे, रात्री काय खाल्लंत?

मी सांगत गेलो. अवरेबेळे दोसा. अवरेबेळे उप्पिट्टू. सोललेल्या दाण्यांचं सारू. अवरेबेळे वडा. मिक्स्चर, पण ते चाखायलाच. होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, पण अवरेची. इथे बाईंनी डोळे मिटले. जिलबी.

"जिलबीही अवरेचीच?"

"हो. एकच. म्हणजे एक प्लेट."

मग त्यांनी मला पोटावर इथे दाबा, तिथे दाबा असं करत दहा मिनिटं कामाला लावलं. ताप नाही ना, उलटी नाही ना, छातीत, हातात, जबड्यात काही नाही ना, घाम नाही ना. हिला कॅमेऱ्यात घेऊन वेगळं विचारलं, कारण साखरेच्या चमच्यांपासून माझी साक्ष ग्राह्य धरली जात नव्हती. गरम पाणी प्या, घरातल्या घरात चाला, दुखणं उजवीकडे खाली सरकलं किंवा छातीत काहीही वाटलं तर माझी वाट न बघता सरळ इस्पितळ, हे त्यांनी हिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. एक वाजता पुन्हा मेसेज आला: आता कसं? त्या वेळी मी हॉलमध्ये सोफा ते टीव्ही चौतिसावी फेरी घालत होतो आणि ती सतरंजी झटकणारी मंडळी, जरा जाहीरपणेच, पांगायला लागली होती. बरं, असं लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला.

ही म्हणाली, "पोरगी अजून जागी आहे बघा." मग आम्ही व्हाइटफील्डला फोन केला नाही. सकाळी सांगू म्हटलं.

---

फेब्रुवारीत एकसष्टीचं वर्ष संपत आलं. मी कालनिर्णयच्या पानांवरून हिशोब काढला. माझ्या अकरा खेपा, हिच्या दोन. अठराला पाच कमी. मेसेज धरायचे की नाही यावर आमचं एकमत होईना. मी म्हणालो, अवरेचे तीन धरू, रात्रीचे होते.

रिन्युअलच्या आधी बाईंना भेटावं म्हणून गेलो, तर हासनच्या मुलाने आधीच कानावर घातलं: डॉक्टर चालल्या. ते जाडजूड पुस्तक कशाचं होतं ते तेव्हा कळलं. एमबीबीएसनंतर इथे काम करत करत त्या एम. डी.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होत्या आणि त्यांना जागा मिळाली होती. मी तोंडाने "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणालो. मनात म्हणालो, गावभागातले डॉक्टर चाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसले, या बाईंना वर्ष झालं नाही. ॲपमध्ये फॅमिली डॉक्टर असं लिहिलं होतं. फॅमिली आमची, डॉक्टर बदली.

"सगळं नोंदीत आहे, सर," त्या म्हणाल्या.

नोंदीत काय असतं, आकडे. हिने त्यांना कोकमाची बाटली आणि लाडवांचा डबा दिला. लाडू कमी साखरेचे होते, हे मला घरी येऊन कळलं.

नवे डॉक्टर मंड्याचे. उंच, लाजाळू, हसणं जेमतेम. पुन्हा चाळीस मिनिटं. मी मनाची तयारी केली: वडील कशाने गेले, चहा किती, साखर किती. हिची चार बोटंही टेबलाखाली तयार होती. पण ते काही विचारेनात. पडद्यावर खाली खाली सरकत वाचत राहिले. मध्येच एका ठिकाणी थांबले. पुन्हा वाचलं. मग ओठ हलवून कसल्यातरी शब्दाची तालीम केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, आज... कसंतरि?"

"थोडंसं," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"रात्रि एनु तिंद्रि?"